नवा गेमिंग पीसी खेळ रंगात आला की रीस्टार्ट का होतो? दोष नेमका कुठे शोधायचा?

समजा, घाटकोपरमधल्या एका घरात दिवाळीच्या सुट्टीत नवा कॉम्प्युटर जोडला गेला. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवले, कमी पडले ते आईवडिलांनी घातले. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एका दुकानातून आले, एसएमपीएस ऑनलाइन मागवला आणि ग्राफिक्स कार्ड लॅमिंग्टन रोडवरून सेकंड हँड घेतलं. विंडोज सुरू झालं, व्हिडिओ चालले, कॉलेजच्या प्रोजेक्टची फाइल उघडली. रात्री गेम सुरू केला आणि विसाव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. ना एरर, ना निळी स्क्रीन. दोन सेकंदांत कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू.

दुसऱ्या दिवसापासून फोनाफोनी सुरू होते. प्रोसेसरवाला म्हणतो, ग्राफिक्स कार्ड बघा. ग्राफिक्स कार्डवाला म्हणतो, आमच्याकडे तुमच्यासमोर चालवून दाखवलं होतं, घरचा सप्लाय बघा. ओळखीतला कोणी सांगतो, विंडोज पुन्हा टाक. आणि यात रिप्लेसमेंटसाठी मिळालेले मोजके दिवस संपत येतात.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत स्वतः पार्ट निवडून पीसी जोडून घेणारे अनेक जण आहेत. ब्रँडेड लॅपटॉप बिघडला की तो उचलून सर्व्हिस सेंटरला नेता येतो. जोडलेल्या पीसीचं तसं नसतं. प्रत्येक पार्टची कंपनी वेगळी, बिल वेगळं, वॉरंटी वेगळी. त्यामुळे दोष कुठल्या पार्टमध्ये आहे हे आधी मालकालाच ठरवावं लागतं. ते अंदाजाने ठरवलं, तर चांगला पार्ट बदलण्यात पैसे जातात आणि रीस्टार्ट तसाच राहतो.

रीस्टार्ट होतो म्हणजे नेमकं काय होतं?

प्रोग्राम बिघडला तर तो बंद पडतो. विंडोज गडबडलं तर निळी स्क्रीन येते. पण काहीही न सांगता थेट रीस्टार्ट झाला, तर बहुतेक वेळा विंडोजला काही कळायच्या आतच वीज किंवा हार्डवेअरच्या पातळीवर काहीतरी घडलेलं असतं.

एसएमपीएस हा डबा भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन कॉम्प्युटरला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज तयार करतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जवळपास सगळी भूक १२ व्होल्टच्या लाइनवर भागते. वीज ठरलेल्या मर्यादेत आहे तोवर एसएमपीएस मदरबोर्डला 'सगळं ठीक' असा एक सिग्नल देत राहतो. १२ व्होल्टच्या लाइनला साधारण पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट. लोड इतका वाढला की व्होल्टेज याच्याखाली घसरलं, तर तो सिग्नल जातो आणि मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेट करतो. आपल्याला दिसतो तो रीस्टार्ट.

दुसरी शक्यता म्हणजे एसएमपीएसमधलं संरक्षण. क्षमतेपेक्षा जास्त करंट ओढला गेला, शॉर्ट झालं किंवा आतला भाग फार तापला, तर चांगला एसएमपीएस स्वतःला बंद करतो. घरातल्या एमसीबीसारखंच हे काम. अशा वेळी कॉम्प्युटर बहुधा पूर्ण बंद पडतो आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय सुरू होत नाही.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट नीट पाहून ठेवा. कॉम्प्युटर लगेच आपोआप सुरू होतो की पूर्ण मरतो? या एका निरीक्षणाने पुढचा शोध बराच आवरता येतो. आणि दोन्ही बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: बंद पडणं हा बहुतेकदा बचाव असतो. मूळ दोष वेगळाच असतो आणि शोधायचा असतो तो.

फक्त गेम खेळतानाच का?

ब्राउझर उघडा ठेवून बसलं, तर चांगला गेमिंग पीसीसुद्धा शंभर वॉटच्या आसपास वीज घेतो. गेम सुरू झाला की हाच आकडा चार-पाच पट होतो. यूट्यूब व्यवस्थित चाललं म्हणजे पीसी ठीक आहे, असं म्हणता येत नाही ते यामुळेच. रिकामा टेम्पो घाट चढला, म्हणून भरलेला चढेलच असं नाही.

घाटकोपरच्या उदाहरणातला हिशोब मांडून पाहू. प्रोसेसर रायझन ५ ७६००. त्यावर ६५ वॉट लिहिलेलं असलं, तरी पूर्ण कामात तो ८८ वॉटपर्यंत घेऊ शकतो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८०, कंपनीने दिलेला आकडा ३२० वॉट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे साधारण ६० वॉट धरू. बेरीज ४६८. एसएमपीएस ५५० वॉटचा. म्हणजे कागदावर ८० वॉट शिल्लक आहेत.

मग अडतं कुठे? हे ३२० वॉट म्हणजे सरासरी आहे. ग्राफिक्स कार्डचा लोड सेकंदात शेकडो वेळा वर-खाली होतो. स्फोटाचं दृश्य आलं किंवा लोडिंग संपून खेळ सुरू झाला, की काही मिलिसेकंदांपुरती किंवा त्याहूनही कमी काळासाठी वीज एकदम उसळते. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०८० आणि त्याच पिढीतल्या मोठ्या कार्डांच्या चाचण्यांमध्ये ही उसळी सरासरीच्या दीडपट आणि काही वेळा त्याहून जास्त मोजली गेली. ३२० ची उसळी ४८० वर गेली, तर एकूण बेरीज सव्वासहाशेच्या पुढे जाते. ५५० वॉटच्या एसएमपीएसने ही उसळी सहन केली तर ठीक, नाही केली तर रीस्टार्ट. एनव्हीडियाने या कार्डासाठी ७५० वॉटच्या एसएमपीएसची शिफारस केली होती, त्यामागे हाच विचार आहे.

इतकी छोटी उसळी कुठल्याही साध्या मीटरवर दिसत नाही. म्हणूनच 'मी मीटर लावून पाहिलं, ४५० वॉटच्या वर कधी गेलंच नाही' हे खरं असूनही पुरेसं नसतं.

विंडोज काय सांगतं?

विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची नोंदवही असते. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की ती उघडते. तिथे 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टिम' भागात रीस्टार्टच्या वेळेची नोंद शोधायची. 'कर्नल-पॉवर, इव्हेंट आयडी ४१' असं लाल चिन्ह तिथे नक्की दिसेल.

अनेक जण इथे फसतात. नावात 'पॉवर' आहे म्हणून एसएमपीएसच खराब, असा निष्कर्ष काढून नवा आणतात. प्रत्यक्षात ४१ चा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट शटडाऊन झाला नव्हता. कोणी चालू पीसीची वायर उपटली, तरी हीच नोंद येते. ती काय झालं ते सांगते, का झालं ते नाही.

त्या नोंदीच्या तपशिलात 'बगचेककोड' ही ओळ बघा. तिथे शून्य असेल, तर विंडोजला एरर लिहायलाही वेळ मिळाला नव्हता आणि संशय वीजपुरवठ्याकडे जातो. वेगळा आकडा असेल, तर निळी स्क्रीन आली होती, फक्त ती दिसली नाही. विंडोज निळ्या स्क्रीननंतर आपोआप रीस्टार्ट करतं. 'अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढली, की पुढच्या वेळी ती स्क्रीन थांबून राहील आणि एररचं नाव वाचता येईल.

त्याच वेळेला 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाची नोंद, विशेषतः आयडी १८, असेल तर ती हार्डवेअरनेच दिलेली तक्रार असते. मग रोख बहुधा प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड किंवा त्यांच्या वेगाच्या सेटिंगकडे वळतो.

घरचा सप्लाय दोषी असू शकतो का?

असू शकतो, पण दुकानदार सांगतात तितक्या सहज नाही. उपनगरांत वीज अदानीची असो किंवा टाटाची, मुलुंडकडे महावितरणची असो, घरात येते ती २३० व्होल्टचीच. आजचे बहुतेक चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतात. त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज थोडं उतरलं, तर त्यांना फरक पडत नाही. लोडचंही तसंच. ६०० वॉट घेणारा पीसी २३० व्होल्टवर तीन अँपियरही ओढत नाही. सहा अँपियरच्या साध्या सॉकेटला ते जड नाही.

अडचण येते ती क्षणभर तुटणाऱ्या विजेची. भिंतीतली वीज गेली, तरी एसएमपीएसने साठवलेल्या ऊर्जेवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे ही मुदत एका आवर्तनाएवढीही नाही. लोड जास्त असेल, तर ती आणखी घटते. एकाच लाइनवर एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला, जुन्या सॉकेटची पकड सैल असली किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डमध्ये पिन हलत असली, तर ईमेल वाचताना काहीच जाणवत नाही, पण गेम चालू असताना तोच झटका पीसीला पाडतो.

घरोघरी आढळणारा आणखी एक संशयित म्हणजे यूपीएस. जुन्या कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस नव्या पीसीला तसाच जोडला जातो. पण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. अशा यूपीएसची खरी क्षमता साधारण ३६० वॉट असते. वरच्या उदाहरणातला पीसी आत ४६८ वॉट वापरत असेल, तर एसएमपीएसमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज धरून भिंतीतून सव्वापाचशे वॉट घेईल. यूपीएस ओरडून ओव्हरलोडवर बंद पडणार, यात नवल नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रीड कोसळून अख्खी मुंबई अंधारात गेली होती, तसे दिवस विरळा. तपासणीपुरता यूपीएस बाजूला काढून ठेवायला हरकत नसावी.

अर्थिंगचा मुद्दा वेगळा आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनला अर्थिंग मिळत नाही, असं समजावं. जुन्या इमारतींत हे आढळतं. रीस्टार्टचं ते सहसा कारण नसतं, पण जिवाशी खेळ आहे. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं, गेमचं नंतर बघता येईल.

मग तपासायचं कसं?

इथे एकच नियम आहे: एका वेळी एकच बदल. यूपीएस काढला, रॅमची सेटिंग बदलली, ड्रायव्हर नवा टाकला आणि रीस्टार्ट थांबला, तर कशाने थांबला हे कधीच कळणार नाही. एका वहीत तारीख, काय बदललं, कुठला गेम, किती मिनिटांनी काय झालं, एवढं लिहीत जा. पुढे दुकानदाराशी बोलताना हीच वही कामी येते.

दुसरी काळजी वेळेची. पीसी साधारण वीस मिनिटांनी पडत असेल, तर वीस मिनिटं नीट चालला म्हणजे दुरुस्त झाला, असं होत नाही. प्रत्येक बदलानंतर किमान तास-दीड तास, शक्यतो दोन वेगवेगळ्या दिवशी चालवून बघायला हवं.

पायऱ्या फुकटच्या गोष्टींपासून खर्चिक गोष्टींकडे जाव्यात, अशा क्रमाने:

१. पीसी थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटला जोडा. यूपीएस, स्टॅबिलायझर, एक्स्टेन्शन बोर्ड काहीही मध्ये नको.

२. वीज बंद करून, वायर काढून आतली सगळी कनेक्टर एकदा काढून पुन्हा घट्ट बसवा. मदरबोर्डचं २४ पिनी, प्रोसेसरजवळचं ८ पिनी आणि ग्राफिक्स कार्डची सगळी. ग्राफिक्स कार्डाला दोन ८ पिनी जागा असतील, तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणा. एकाच केबलची दोन तोंडं वापरली, तर सगळा भार एका केबलवर येतो. एका ८ पिनी जोडणीची ठरलेली मर्यादा १५० वॉट आहे.

३. कॅबिनेटच्या रीसेट बटणाची बारीक वायर मदरबोर्डवरून काढून बघा. हे बटण आतून अडकलं किंवा त्याची वायर चिमटली असेल, तर पीसी वाटेल तेव्हा रीस्टार्ट होतो.

४. आता लोड वेगळा करा. सिनेबेंचमधली प्रोसेसरची चाचणी फक्त प्रोसेसरला राबवते, फरमार्क मुख्यतः ग्राफिक्स कार्डाला. ओसीसीटी या प्रोग्रामच्या पॉवर टेस्टमध्ये दोघांनाही एकदम ताण देता येतो. फक्त प्रोसेसरच्या चाचणीत पीसी पडला, तर संशय प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅम आणि मदरबोर्डवर. फक्त ग्राफिक्सच्या चाचणीत पडला, तर कार्ड किंवा एसएमपीएस. दोन्ही वेगवेगळे पास आणि एकत्र नापास, तर एसएमपीएसचं नाव सगळ्यात वर येतं.

५. सगळ्या चाचण्या पास झाल्या आणि तरी गेममध्ये पडतो, तर गोंधळून जाऊ नका. फरमार्कचा लोड सपाट असतो, गेमचा उड्या मारणारा. एसएमपीएसला पाडतात त्या उड्या. अशा वेळी एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रामने ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट १०० वरून ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. रीस्टार्ट थांबला, तर वीज कमी पडत असल्याचा हा मोठा पुरावा. या चाचणीला एक रुपयाही लागत नाही.

६. शेवटी अदलाबदल. मित्राचा जास्त क्षमतेचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघा. मात्र त्याच्यासोबत त्याच्याच केबल वापरा. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दिसायला सारख्या असल्या, तरी कंपनीगणिक आणि कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक आतली जोडणी वेगळी असते. चुकीची केबल लावली, तर मदरबोर्ड, ड्राइव्ह किंवा कार्ड त्या क्षणी जळू शकतं.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही: एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब काही काळ टिकून राहतो.

गरम झाल्यामुळे होत असेल का?

पहिला संशय सगळ्यांचा इथेच जातो, पण आजचे प्रोसेसर तापले की आधी स्वतःचा वेग कमी करतात. पंखे जोरात फिरतात, गेम अडखळतो आणि तरीही तापमान वाढतच राहिलं, तर पीसी बंद होतो. काहीही पूर्वसूचना न देता, फ्रेम न घसरता पडलेल्या पीसीमागे प्रोसेसरची उष्णता असण्याची शक्यता कमी असते.

एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने तापमानाची नोंद फाइलमध्ये साठवता येते. रीस्टार्टनंतर त्या फाइलच्या शेवटच्या ओळी बघायच्या. इंटेलच्या अनेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसची आहे. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जातात आणि ते तसेच बनवलेले आहेत. आकडा पाहून लगेच घाबरू नये. मात्र गेम सुरू होताच काही सेकंदांत तापमान मर्यादेला भिडत असेल, तर कूलर काढून बघा. तळाची प्लास्टिकची पारदर्शक पट्टी काढायची राहून जाणं, ही पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्यांची नेहमीची चूक.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं. जागा वाचावी म्हणून कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद लाकडी कप्प्यात जातं. तिथे पंख्यांना तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढावी लागते. बाजूची काच काढून, कॅबिनेट मोकळ्यावर ठेवून, समोर टेबल फॅन लावून तासभर खेळा. फरक पडला, तर उत्तर सापडलं.

रॅम आणि प्रोसेसरवर संशय कधी घ्यायचा?

रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग बहुतेक वेळा आपोआप मिळत नाही. त्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची सेटिंग चालू करावी लागते. तो एक प्रकारचा ओव्हरक्लॉकच आहे आणि प्रत्येक प्रोसेसर-मदरबोर्डच्या जोडीला तो पेलतोच असं नाही. ही सेटिंग बंद करून खेळा. रीस्टार्ट थांबला, तर नवा बायोस टाकून किंवा वेग एक पायरी खाली आणून बहुधा काम भागतं. तरी शंका राहिली, तर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. त्यात एकही एरर येता कामा नये.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे मोठे डेस्कटॉप प्रोसेसर असतील, तर एक वेगळी गोष्ट माहीत हवी. यातल्या अनेक प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळाल्याने ते कालांतराने अस्थिर होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. त्यानंतर बायोसमधून नवे मायक्रोकोड दिले गेले आणि या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. नवा बायोस पुढचं नुकसान टाळतो, झालेलं भरून काढत नाही. असा प्रोसेसर सेकंड हँड घेतला असेल, तर हे आधी तपासा.

नवा एसएमपीएस घ्यायचा झाला तर काय बघायचं?

सगळ्यांची नजर '८० प्लस'च्या ब्राँझ, गोल्ड या शिक्क्यावर जाते. हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा, म्हणजे वीज किती वाया जाते याचा आहे. उसळी सहन होईल की नाही, संरक्षण नीट आहे की नाही, हे तो सांगत नाही. दोन गोल्ड एसएमपीएसमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

आधी ग्राफिक्स कार्डच्या कंपनीने सुचवलेला वॉटचा आकडा बघा आणि त्याखाली जाऊ नका. मग बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या लाइनवर किती वॉट मिळतात ते वाचा. एकूण आकड्याच्या अगदी जवळ असतील, तर चांगलं. तिसरं म्हणजे एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा उल्लेख. इंटेलने २०२२ मध्ये आणलेल्या ३.० मानकात या उसळीचाच विचार केलेला आहे. नव्या १६ पिनी कनेक्टरसह येणाऱ्या, ४५० वॉटहून मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता क्षमतेच्या दुप्पट भार पेलावा, अशी त्यात अट आहे. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या, नाव न ऐकलेल्या एसएमपीएसवर महागडं कार्ड चालवणं म्हणजे पैसे वाचवण्याच्या नादात पैसे घालवणं.

दुकानदार दाद देत नसेल तर?

नवीन पार्टचं जीएसटी बिल आणि त्यावर सीरियल नंबर असणं गरजेचं. दुकानाची रिप्लेसमेंटची मुदत संपली, तरी कंपनीची वॉरंटी चालू राहते आणि ती त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये वापरता येते. तक्रार करताना 'पीसी बंद पडतो' एवढंच सांगितलं, तर 'आमच्याकडे चालला' असं उत्तर मिळतं. 'अमुक चाचणी, इतक्या मिनिटांनी, दुसऱ्या एसएमपीएसवरही तेच' असं सांगून व्हिडिओ दाखवला, तर टाळणं अवघड जातं.

तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो, विक्रेता दुसऱ्या शहरात असला तरी. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करायला हवी. मात्र बिल नसलेल्या सेकंड हँड कार्डाच्या बाबतीत हा मार्ग फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून असं कार्ड घेताना मूळ बिल मागून घ्यावं आणि दुकानात पाच मिनिटं नव्हे, अर्धा तास लोडवर चालवून बघावं.

घाटकोपरच्या त्या पीसीचं काय?

वरच्या क्रमाने तिथे काय दिसेल? यूपीएस काढल्यावर रीस्टार्ट कमी होतो, पण जात नाही. सिनेबेंच तासभर नीट, फरमार्क अर्धा तास नीट, गेममध्ये मात्र पुन्हा अंधार. पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणल्यावर दोन संध्याकाळी सलग सुरळीत. मित्राचा ७५० वॉटचा एसएमपीएस लावून पूर्ण पॉवरवरही सुरळीत.

म्हणजे प्रोसेसर चांगला, सेकंड हँड कार्डही चांगलं. दोन्ही दुकानदार खरं बोलत होते. ५५० वॉटचा एसएमपीएससुद्धा खराब नव्हता, या कार्डासाठी तो अपुरा होता. म्हणून वॉरंटीत तो बदलून मिळणार नाही, नवा घ्यावाच लागेल. पण बदलायचा आहे एकच पार्ट, आणि कुठला ते आता माहीत आहे. पैसे जमेपर्यंत पॉवर लिमिट ७० वर ठेवली, तर फ्रेम थोड्या कमी मिळतील, पण पीसी पडणार नाही. जुना ५५० वॉटचा एसएमपीएस कमी वीज घेणारं कार्ड असलेल्या एखाद्या मित्राच्या पीसीत पुढची कित्येक वर्षं बिनतक्रार चालू शकेल.